जुन्या घराची नवी किंमत : पुनर्विकासाचे भांडवल कोणाचे?

(पक्षाच्या मुंबईतील कार्यकर्त्यांसाठी भरलेल्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



संयोजकांनी मला 'गृहनिर्माणाचा प्रश्न' असा विषय दिला होता. तो एका तासात मावणारा नाही, म्हणून त्याची एकच बाजू मी हाती घेणार आहे. जुने घर दुरुस्त करायचे किंवा पाडून नव्याने उभे करायचे, आणि त्यातील काही भाग खुल्या बाजारात विकून सगळा खर्च भागवायचा, असा जो व्यवहार आज मुंबईच्या गल्लोगल्ली चालू आहे, त्याला लागणारा पैसा कोठून येतो, कोणत्या व्याजाने येतो आणि तो पैसा देणारा अखेरीस काय घेऊन जातो, एवढेच मला तपासायचे आहे. बिल्डर, आमदार, नगरसेवक यांच्याविषयी आपण भरपूर बोलतो. सावकाराविषयी मात्र बोलत नाही. या नाटकात तो रंगमंचावर येत नाही, पण नाट्यगृहाचे भाडे त्यानेच भरलेले असते.

अमेरिकेसारख्या देशांत पडके घर स्वस्तात विकत घ्यावे, रंगरंगोटी करून, नळ-विजेची कामे उरकून चार-सहा महिन्यांत चढ्या भावाने विकावे, असा एक प्रतिष्ठित धंदा आहे. त्यासाठी थोड्या मुदतीची आणि जबर व्याजाची कर्जे देणाऱ्या संस्थाही आहेत. तेथे व्यवहाराचे एकक एक सुटे घर असते. मुंबईत तसे होऊ शकत नाही. येथे भिंतीला केलेल्या गिलाव्याने घराची किंमत फारशी वाढत नाही. वाढते ती इमारतीखालच्या जमिनीची, आणि तीसुद्धा त्या जमिनीवर किती बांधकाम करण्यास शासन परवानगी देते त्यावर. इमारत ही झिजणारी वस्तू आहे, जमीन झिजत नाही. रिकार्डोने शेतजमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले ते शहरी जमिनीला अधिकच लागू पडते. शेजारी रेल्वेचे स्थानक झाले, गिरणीच्या जागी कचेऱ्या आल्या, चटईक्षेत्र निर्देशांक वाढला, की मालकाने कुदळ न उचलताही जमिनीचे मोल चढते. ही चढ समाजाने निर्माण केलेली असते. ती कोणाच्या खिशात जाते हा आपला जुनाच प्रश्न आहे, आणि पुनर्विकासाच्या अर्थकारणात तो फार उघड्या स्वरूपात समोर येतो.

आता थोडा इतिहास, कारण तो टाळून पुढे जाता येत नाही.

मुंबईत भाडेनियंत्रण प्रथम पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० ची भाडी प्रमाण ठरवून जवळपास गोठवली. त्या कायद्याने लाखो गिरणी कामगार, कारकून, हमाल आणि छोटे कारागीर यांना या शहरात टिकवून धरले, हे निर्विवाद आहे. कायद्यामागची भूमिका न्याय्य होती. परंतु अर्थशास्त्राचा एक साधा नियम भूमिकेला विचारीत नाही. ज्या इमारतीचे महिन्याचे भाडे तिच्या डागडुजीलाही पुरत नाही, ती इमारत कोणीतरी दुसऱ्याने पैसे घातल्याशिवाय उभी राहत नाही. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने ती अंगावर घेतली नाही, आणि शासनाला दोघांच्या मध्ये उभे राहावे लागले. १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. बेट शहरातील जुन्या खाजगी इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवण्यात आला, त्या उपकरात शासन आणि महापालिका यांचा वाटा घालून मंडळाने दुरुस्त्या करायच्या अशी योजना होती. अशा 'उपकरप्राप्त' इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती, आणि त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. हे आकडे लक्षात ठेवावेत. दक्षिण आणि मध्य मुंबईतील सामान्य माणसाचे घर म्हणजे बहुतांशी याच इमारती.

ही योजना तत्त्वतः उत्तम होती. सर्वांनी थोडेथोडे द्यायचे आणि ज्याची इमारत आधी खचेल त्याची आधी सावरायची, हा एक प्रकारचा सामाजिक विमा होता. तो अपुरा पडला, कारण विम्याचा हप्ता आणि धोक्याचे प्रमाण यांचा मेळ कधीच बसला नाही. दर चौरस मीटरमागे किती खर्च करायचा याला कायद्याने कमाल मर्यादा होती. खर्च त्यापलीकडे गेला की वरची रक्कम रहिवाशांनी भरावी, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरवावी, असा पर्याय होता. मर्यादा वेळोवेळी वाढवली गेली, पण सिमेंट, लोखंड आणि मजुरी नेहमी तिच्या पुढे धावत राहिली. परिणामी टेकू लावणे हीच दुरुस्ती होऊन बसली. गिरगावात किंवा डोंगरीत आपण हिंडलो असाल तर सज्जाखालचे ते लाकडी टेकू पाहिले असतील. कित्येक ठिकाणी टेकूंनाच वाळवी लागली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. ती इमारत समूह पुनर्विकासाच्या योजनेत समाविष्ट होती. योजना होती, ट्रस्ट होता, मंजुऱ्या होत्या. तरी काही कुटुंबे आत राहत होती. लोक धोकादायक घर का सोडत नाहीत, असे वर्तमानपत्रे विचारतात. याचे उत्तर पुढे येईल.

१९८६ साली म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. उपकरप्राप्त इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर शासनाने मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन ती इमारत व जमीन संपादित करावी आणि संस्थेच्या स्वाधीन करावी, असे त्याचे सार होते. मालकांची संघटना न्यायालयात गेली. १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला हा वाद अखेर नऊ न्यायमूर्तींपुढे आला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला. घटनेच्या ३९(ब) या अनुच्छेदातील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या शब्दांत प्रत्येक खाजगी मालमत्ता आपोआप मोडत नाही, असे बहुमताने ठरले. १९७७ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी घेतलेली व्यापक भूमिका बहुमताने स्वीकारली नाही. न्यायमूर्ती धुलिया यांनी मात्र मतभेद नोंदवला. या निकालाने आपल्यापैकी काही साथी हताश झाले. मला ते तितकेसे पटत नाही. एक तर खाजगी मालमत्ता कधीच साधनसंपत्ती ठरू शकणार नाही असे न्यायालयाने म्हटलेले नाही. मालमत्तेचे स्वरूप, तिची टंचाई, ती थोड्यांच्या हाती एकवटल्याचा परिणाम पाहून ठरवावे, असे म्हटले आहे. दुसरे असे, की आठ-अ प्रकरणाने जमीन रहिवाशांच्या हाती देण्याची वाट दाखवली तरी त्या जमिनीवर नवी इमारत बांधायला पैसा कोण देणार, याचे उत्तर त्यात नव्हते. जमीन मिळाली आणि भांडवल मिळाले नाही, तर संस्था पुन्हा त्याच बिल्डरच्या दारात उभी राहते.

भांडवलाचे उत्तर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने दिले, ते ३३(७) या नियमाने. मूळ भाडेकरूंना नव्या इमारतीत विनामूल्य घर, आणि त्या बदल्यात विकासकाला खुल्या बाजारात विकण्यासाठी जादा चटईक्षेत्र, अशी ती अदलाबदल आहे. सरकारच्या तिजोरीतून एक पैसा जात नाही म्हणून सर्व पक्षांच्या सरकारांना ती अतिशय प्रिय झाली. पुढच्या नियमावलीत निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई मिळेल अशी तरतूद झाली, आणि दीडशे फुटांच्या खोलीत आयुष्य काढलेल्या कुटुंबाला ती स्वर्गासारखी वाटली तर त्यात नवल नाही. पण जादा चटईक्षेत्र ही शासनाने छापलेली एक प्रकारची नोटच आहे. ती नोट बाजारात वटते तेव्हाच घर होते. बाजार चढा असेल तर वटते, मंदी आली की वटत नाही, आणि जेथे जमिनीला भाव नाही तेथे मुळीच वटत नाही. म्हणून मलबार हिलच्या पायथ्याची चाळ आधी पाडली जाते आणि भायखळ्याच्या आतल्या गल्लीतली अधिक मोडकळीस आलेली चाळ टेकूवर राहते. धोका कोणाला अधिक, या क्रमाने पुनर्विकास होत नाही. नफा कोठे अधिक, या क्रमाने होतो.

आता मी फळ्यावर एक हिशेब मांडतो. आकडे माझे कल्पित आहेत, केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. आपापल्या भागातले दर घालून तो पुन्हा करून पाहावा.

चाळीस सदनिकांची एक सोसायटी धरू. प्रत्येकी ५०० चौरस फूट, म्हणजे एकूण २०,००० चौरस फूट. नव्या नियमांनुसार भूखंडावर ५४,००० फूट बांधकाम बसते. सभासदांना ३० टक्के वाढीव क्षेत्र द्यायचे ठरले, म्हणजे २६,००० फूट त्यांचे. उरलेले २८,००० फूट विक्रीचे. बांधकामाचा खर्च फुटाला साडेचार हजार धरला तर २४ कोटी ३० लाख. महापालिकेची अधिमूल्ये, शुल्के, वास्तुविशारद वगैरे मिळून १० कोटी. चाळीस कुटुंबांना तीन वर्षे दरमहा चाळीस हजार पर्यायी भाडे, म्हणजे ५ कोटी ७६ लाख. एकूण ४० कोटी ६ लाख. विक्रीचा भाव फुटाला बावीस हजार मिळाला तर येणे ६१ कोटी ६० लाख. व्याज आणि कर वगळता शिल्लक साधारण साडेएकवीस कोटी.

साडेएकवीस कोटी ऐकून सभेत नेहमी कुजबुज सुरू होते. पण व्याज अजून मांडलेले नाही. ग्राहकांचे हप्ते येत जातात हे धरूनही सरासरी २० कोटी रुपये तीन वर्षे गुंतून राहतात असे समजू. बँकेने १२ टक्क्यांनी दिले तर सरळव्याज ७ कोटी २० लाख. खाजगी वित्तकंपनीने १८ टक्क्यांनी दिले तर १० कोटी ८० लाख. या केवळ सहा टक्क्यांच्या फरकाने चाळीस कुटुंबांमागे प्रत्येकी नऊ लाख रुपये दुसऱ्याच्या घरी जातात. आता काम दोन वर्षे रखडले असे धरा. मुंबईत ही कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. १८ टक्क्यांनी आणखी ७ कोटी २० लाख व्याज, आणि भाड्याचे ३ कोटी ८४ लाख. सुरुवातीची साडेएकवीस कोटींची शिल्लक शून्याखाली गेली. चोरी कोणी केलेली नाही, लाचही धरलेली नाही. केवळ काळ आणि व्याज यांनी ती खाल्ली.

आणि शिल्लक संपली की बिल्डर प्रथम काय थांबवतो? बँकेचा हप्ता थांबवत नाही, कारण जमिनीचे विकासहक्क तिच्याकडे तारण आहेत. पोलादाचे बिल थोडे लांबवतो. पहिल्या दिवशी थांबते ते रहिवाशांचे भाडे. कारण रहिवासी हाच या व्यवहारातला असा धनको आहे, ज्याच्या हाती कोणतेही तारण नाही. त्याने आपले घर, म्हणजे या सगळ्या भांडवलातला सर्वांत मोठा हिस्सा, पहिल्याच दिवशी पाडायला देऊन टाकलेला असतो, आणि त्याच्याकडे उरतो तो एक नोंदणीकृत करारनामा. लोक धोकादायक घर का सोडत नाहीत, याचे उत्तर हे आहे. त्यांना गच्चीची भीती वाटत नाही असे नाही. पण गच्ची कोसळेल न कोसळेल, भाडे मात्र थांबतेच, हे त्यांनी शेजारच्या वाडीत पाहिलेले असते. संक्रमण शिबिरात तात्पुरते म्हणून गेलेल्या कुटुंबांची नातवंडे त्याच शिबिरातून शाळेत जातात, हे या शहरात सर्वांना ठाऊक आहे.

बिल्डर इतक्या जबर व्याजाने पैसा का घेतो? मूर्ख म्हणून नव्हे. जमीनखरेदीसाठी खाजगी बिल्डरांना बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सट्टेबाजीला आळा बसावा हा त्याचा हेतू योग्यच आहे. परंतु प्रकल्पाच्या सुरुवातीचा, मंजुऱ्यांपूर्वीचा, सर्वांत जोखमीचा पैसा त्यामुळे बँकेबाहेरून येतो; बिगर-बँक वित्तकंपन्यांकडून, खाजगी निधींकडून, आणि जेथे कागद नसतो अशा ठिकाणांहूनही. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस कोसळली तेव्हा या वित्तकंपन्यांचा ओघ एकाएकी आटला आणि मुंबईतले कित्येक खड्डे खोदलेल्या स्थितीतच राहिले. ज्या रहिवाशांनी त्या कंपनीचे नावही ऐकले नव्हते, त्यांचे भाडे त्या महिन्यापासून अडू लागले.

सहकारी बँक असली म्हणजे हा धोका टळतो असे समजण्याचे कारण नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना प्रथम केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाकडे अडकली होती, आणि ती लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवलेली होती. याच समूहाशी संलग्न कंपनीकडे गोरेगावच्या पत्राचाळीचा, म्हणजे सिद्धार्थनगरचा, पुनर्विकास २००८ पासून होता. ६७२ कुटुंबांनी घरे रिकामी केली. सक्तवसुली संचालनालयाच्या आरोपानुसार, या कुटुंबांची घरे उभी राहण्यापूर्वीच तेथील बांधकामाचे हक्क इतर विकासकांना विकून शेकडो कोटी रुपये उभे केले गेले. २०१८ मध्ये म्हाडाला त्या विकासकाचा करार संपुष्टात आणावा लागला. या दोन घटना वृत्तपत्रांत वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या, एक अर्थविषयक पानावर आणि दुसरी राजकारणाच्या. माझ्या दृष्टीने त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एका टोकाला ठेवीदार, दुसऱ्या टोकाला रहिवासी. दोघांनीही आपली आयुष्यभराची पुंजी विनातारण दिली होती, आणि दोघांच्या मधून पैसा वाहून गेला.

रेरा कायदा २०१६ साली झाला आणि मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याची त्याने सक्ती केली. ही मोठी सुधारणा आहे आणि तिचे श्रेय देताना कंजूषपणा करू नये. तथापि ते संरक्षण घर विकत घेणाऱ्याला आहे. ज्याने पैसे दिलेले नाहीत, घरच दिले आहे, तो मूळ रहिवासी त्या कायद्याच्या छत्राखाली नीटसा येत नाही. एकाच इमारतीत पूर्वेकडच्या बाजूचा खरेदीदार तक्रार घेऊन प्राधिकरणापुढे जाऊ शकतो, आणि पश्चिमेकडचा जुना भाडेकरू दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतो. म्हाडा कायद्यात २०२२ मध्ये ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी धोकादायक इमारतींबाबत मालकाला, मग रहिवाशांना मुदत देऊन अखेर म्हाडाने संपादन करण्याची आणि रखडलेले उपकरप्राप्त प्रकल्प ताब्यात घेण्याची सोय केली. ही सोय स्वागतार्ह आहे. मात्र तिच्यासाठी पैशाची वेगळी तरतूद नसेल तर म्हाडाही शेवटी निविदा काढून तेच भांडवल तेथूनच आणणार.

येथे पागडीविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. पागडीची खोली ही मालकी नव्हे आणि निव्वळ भाडेही नव्हे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीची देवघेव कायदेशीर केली, तरी अशा खोलीवर बँक सहसा गृहकर्ज देत नाही, कारण गहाण टाकायला मालकीहक्क नसतो. परिणाम काय होतो तो पाहा. म्हातारा गिरणी कामगार गावी परतताना खोली विकू पाहतो. तिचा गिऱ्हाईक कर्ज काढून घर घेणारा तरुण शिक्षक किंवा परिचारिका असू शकत नाही. रोख रक्कम हातात असलेला, पुनर्विकासाची कुणकुण आधी लागलेला माणूसच तिचा गिऱ्हाईक होतो. तो खोलीला नवी फरशी घालतो, रंग देतो, कधी भाडेकरू ठेवतो आणि करारावर सही होण्याची वाट पाहतो. एकेका चाळीत अशा चार-पाच खोल्या एकाच माणसाच्या नातेवाइकांच्या नावावर निघतात. अमेरिकेतला जो धंदा मी सुरुवातीला सांगितला, त्याची ही मुंबई आवृत्ती. यात घर दुरुस्त करून मिळालेला नफा नगण्य असतो. नफा असतो तो माहिती आणि रोकड यांच्या विषम वाटपाचा. पतपुरवठा नाकारल्याने सट्टा थांबत नाही, फक्त गरिबाला त्यातून वगळले जाते.

आता पर्यायाकडे वळतो. गावदेवीच्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची स्थापना १९१५ साली रावबहादूर तळमकी यांच्या पुढाकाराने झाली. म्हणजे स्वतःचे घर स्वतः मिळून बांधण्याची परंपरा या शहरात शंभर वर्षांहून जुनी आहे. मृणालताई गोरे, बाबूराव सामंत, प. बा. सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून गोरेगावला कमाल जमीनधारणा कायद्याखालील जमिनीवर हजारो घरे उभी केली, ती बिल्डरशिवाय. तो कायदाच महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला, हे वेगळे दुःख आहे. या परंपरेचा आजचा अवतार म्हणजे स्वयंपुनर्विकास. सोसायटीने स्वतः वास्तुविशारद, प्रकल्प व्यवस्थापक आणि ठेकेदार नेमायचे, स्वतः कर्ज काढायचे, विक्रीची घरे स्वतः विकायची. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अशा कर्जांना सुरुवात केली, राज्य शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये या धोरणाचा निर्णय काढला, आणि जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य व जिल्हा सहकारी बँकांना निवासी प्रकल्पांसाठी एकूण मालमत्तेच्या ५ टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा दिली.

मघाच्या हिशेबात १२ टक्क्यांनी आणि वेळेवर झालेले काम म्हणजे स्वयंपुनर्विकासाचे चित्र. सव्वाचौदा कोटींहून थोडी अधिक शिल्लक राहते, कुटुंबामागे सुमारे ३६ लाख. ती सभासदांनी अधिक मोठ्या घराच्या रूपात घ्यावी की देखभाल निधी म्हणून ठेवावी, हे त्यांनी ठरवावे. माझा कल देखभाल निधीकडे आहे, कारण तीस मजल्यांच्या इमारतीचे उद्वाहन आणि पंप यांचा खर्च निवृत्तिवेतनातून भागत नाही, आणि जुने रहिवासी नव्या घरातून पाच वर्षांत बाहेर पडतात ते बहुधा या मासिक वर्गणीमुळे.

परंतु या पर्यायाची गुलाबी चित्रे रंगवणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. पहिली गोष्ट, बिल्डर गेला म्हणजे जोखीम गेली असे नव्हे. ती सभासदांच्या अंगावर आली. विक्रीचा भाव दहा टक्के उतरला तर आपल्या उदाहरणातले सहा कोटी सोळा लाख जातात, आणि ते आता चाळीस कुटुंबांचे जातात. दुसरी गोष्ट, ५ टक्क्यांची मर्यादा शहाणपणाची आहे. ती काढून टाकावी अशी मागणी आपल्याच काही मित्रांनी केली आहे. सहकारी बँकेतला पैसा हा रिक्षावाल्याचा आणि भाजीवालीचा असतो, तो पुन्हा एकाच धंद्यात कोंबण्याचा आग्रह आपण तरी धरू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की स्वयंपुनर्विकास ज्यांच्याकडे जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले आहे अशा सोसायट्यांना साधतो. मुलुंड-बोरिवलीच्या मध्यमवर्गाला त्याचा लाभ होईल. परळ, गिरगाव, कामाठीपुरा येथल्या भाडेकरूकडे गहाण टाकायला जमीनच नाही. म्हणजे ज्या वर्गासाठी १९६९ चा कायदा झाला, त्याच वर्गाला हा पर्याय शिवत नाही.

याचा अर्थ त्यांच्यासाठी सार्वजनिक भांडवलाशिवाय इलाज नाही. बीडीडी चाळींच्या कामात ते काही प्रमाणात दिसले. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींचे काम म्हाडाच्या नियंत्रणाखाली झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेथे जमीन शासनाची होती हे सोयीचे होते, आणि इतकी वर्षे लागली हे भूषणावह नाही. तरीही घर सोडताना रहिवाशांच्या समोर एक सार्वजनिक यंत्रणा उभी होती, रातोरात पाटी बदलणारी कंपनी नव्हती, हा फरक लहान नव्हे.

भाषण संपवण्यापूर्वी, शाखांमधून जे कार्यकर्ते सोसायट्यांच्या आणि चाळ कमिट्यांच्या सभांना जातात त्यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना करतो. सहकार खात्याच्या ७९-अ खालील निर्देशांत विकासकाने प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी द्यावी असे आहे. सभेत लोक जादा फूट किती आणि कॉर्पस किती एवढेच विचारतात. हमीचा कागद कोणत्या बँकेचा, किती मुदतीचा, आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण कोण पाहणार, हे विचारायला शिकवा. बिल्डरने विक्रीचा भाग कोणाकडे गहाण टाकला आहे ते कराराच्या आधी लेखी मागा, आणि रहिवाशांच्या घरांचा भाग कोणत्याही गहाणात जाणार नाही असे कलम घाला. भाड्याचे धनादेश पुढील तारखांचे घेऊन उपयोग नाही, ते वटत नाहीत. घरे रिकामी करण्यापूर्वी किमान दीड वर्षाचे भाडे स्वतंत्र खात्यात जमा व्हावे आणि त्या खात्यातून संस्थेच्या सहीनेच पैसे निघावेत. बिल्डर म्हणेल, एवढी रक्कम आधी अडकवणे मला परवडत नाही. आपल्या उदाहरणात ती रक्कम २ कोटी ८८ लाख होते. चाळीस कोटींचे काम अंगावर घेणाऱ्याला तेवढे उभे करता येत नसेल, तर त्याच्या ताब्यात घराची किल्ली द्यायची की नाही हे त्या सभेतच ठरू द्या, आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या.